स्कोअरबोर्डकडे पाठ

डॉ. कुंदा पांढरीपांडे मॅच बघताना स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसत. ग्लासगोतल्या ज्या शाळेचा हॉल आम्ही भाड्याने घ्यायचो, तिथे तो बोर्ड भिंतीवर उंच लावलेला होता. ताई बरोबर त्याच्या खाली खुर्ची मांडत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंच्या लक्षात आलेलं दिसत नाही. "ताई, इथून स्कोअर दिसणार नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर इथं बसले ना. आकडा पाहत बसलं की पोरी दिसत नाहीत."

ताई मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी विद्यापीठाच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेल्या. इथे आयुष्यभर कॅन्सरच्या वॉर्डात डॉक्टर होत्या, आणि रिटायर झाल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या चार-पाच मुलींना घेऊन त्यांनी टीम उभी केली. मग शाळेतल्या स्कॉटिश, पोलिश मुली आल्या. लीगचे फॉर्म भरणं आणि हॉल बुक करणं हे सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे होतं. प्रॅक्टिसला ताईंचा आवाज घुमायचा : "ए रेवा, बॉलकडे काय पाहून राहिली? तो कुठं पळून नाही जात. माणसं पाहा, माणसं!"

त्यांचं आणखी एक वाक्य मला पुढे कितीदा आठवलं असेल. वाईट बातमी द्यायची वेळ आली की ताई आधी खुर्ची ओढून घेत. कुणाला टीममधून वगळायचं असलं तरीसुद्धा. "वाईट बातमी उभ्यानं देऊ नये. आपण उभे असलो की त्या माणसाला वाटतं, हा आता पळणार."

चौथ्या वर्षी आम्ही डिव्हिजनच्या तळाला होतो. खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलो असतो तर निम्म्या मुली दुसऱ्या क्लबांकडे गेल्या असत्या आणि टीम बंद पडली असती. अशात शेजारच्या पेझली गावच्या क्लबने अदलाबदल सुचवली. त्यांची क्लेअर, लीगमधली सगळ्यात जास्त बास्केट करणारी, आम्हाला मिळेल. बदल्यात त्यांना आमच्या रेवा आणि ईशा हव्या होत्या. दोघी अठरा वर्षांच्या, अजून कच्च्या, पण ताईंनी पहिल्या ड्रिबलपासून शिकवलेल्या.

कमिटीत ताई धरून आम्ही चौघे. मी जोरात बाजू मांडली : या दोघी तयार होईपर्यंत टीमच उरणार नाही. हा मुद्दा खोटा नव्हता. आजही मला तो पूर्ण चुकीचा वाटत नाही.

"फुललेली कुंडी आणता येते रे प्रशांत," ताई म्हणाल्या. "दिसतेही छान. पण त्यासाठी दोन रोपं उपटून द्यायची, मग आपल्या मातीत राहिलं काय?"

तीन विरुद्ध एक असं मत पडलं. ताईंनी वाद वाढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "ठरलं ना? मग पोरींना तू सांग. घरी जाऊन. बसून."

मी हो म्हणालो, पण गेलो नाही. रेवाची आई, मीनलवहिनी, दर गणपतीत आमच्या शेजारी आरतीला उभी राहणारी. तिच्या तोंडाकडे बघून बोलायचं धैर्य मला झालं नाही. मी दोघींच्या घरच्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलं : 'ताईंनी ठरवलंय की रेवा आणि ईशा पुढच्या महिन्यापासून पेझलीकडून खेळतील.' आमच्यात वडीलधाऱ्यांच्या निर्णयावर कुणी सहसा वाद घालत नाही. मी ताईंच्या नावाआड लपलो.

मंडळाच्या दिवाळीत मीनलवहिनी ताईंसमोर येऊन उभी राहिली. "ताई, आमची पोरगी काय फराळाचं ताट आहे का हो, ह्या घरातून त्या घरात द्यायला?" मी दोन पावलांवर प्लेट घेऊन उभा होतो. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चकलीकडे पाहिलं. मग वहिनीला म्हणाल्या, "राग बरोबर आहे तुझा. पण तिचा खेळ मी थांबू नाही देणार."

त्या आठवड्यापासून दर शनिवारी ताई ट्रेनने पेझलीला जाऊ लागल्या. पावसात, गुडघे दुखत असताना, तिथल्या हॉलमध्येही बोर्डाकडे पाठ करून बसायच्या. रविवारी आमची प्रॅक्टिस. क्लेअरमुळे आम्ही डिव्हिजनमध्ये टिकलो; मुलगी गुणी होती, ताईंनी तिलाही जीव लावला. पण वर्षाअखेर तिला ॲबर्डीनला नोकरी लागली आणि ती गेली. ताई पुन्हा नव्या पोरींना ड्रिबल शिकवायला लागल्या.

मी कितीदा बोलायला गेलो. एकदा त्यांना गाडीतून सोडताना सुरुवातही केली, "ताई, तो मेसेज..."

"मला नको सांगू. मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सिग्नल हिरवा झाला. चल."

यंदा मार्चमध्ये ताई गेल्या. महिनाभराने एका शनिवारी मी पेझलीला गेलो. रेवा आता तिथल्या लहान मुलींना शिकवते. मॅचला अजून वेळ होता. मी दोन खुर्च्या ओढल्या.

"बापरे, खुर्ची?" ती हसली. "काका, इतकं वाईट आहे?"

मी सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तेव्हापासून. ताई असं काही व्हॉट्सॲपवर सांगेल? नेव्हर. मी विचारलं होतं तिला."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, त्याला स्वतःच्या पायांनी येऊ दे. वेळ लागेल. तो आला की त्याला बसव."

सहा वर्षं त्या बाईने माझा खोटेपणा स्वतःच्या नावावर वागवला होता आणि माझ्यासाठी इथे एक जागा राखून ठेवली होती.

शिट्टी वाजली. मुली कोर्टवर धावल्या. रेवाने मला उठवलं, माझी खुर्ची उचलली आणि समोरच्या भिंतीशी, बोर्डाच्या बरोबर खाली नेऊन ठेवली.

"बसा," ती म्हणाली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कोण जिंकलं? मला सांगता आलं नाही. पण सात नंबरची एक बारकी मुलगी पडलेल्या प्रत्येकीला हात देत होती, तिच्याबद्दल मी जेवण होईपर्यंत बोलत राहिलो.