पंचविसाव्या पानावरचा त्रिकोण

काल एका कादंबरीला खाकी कव्हर घालताना डिंकाचा वास आला आणि डोंबिवलीतली ती लायब्ररी आठवली. कॉलेज सुटलं की मी तिथे काउंटरवर बसायचे. प्रेमकथांच्या कपाटाशी एकेक नग यायचा. एक काकू आधी शेवटचं पान बघायच्या. लग्न लागलं असेल तरच पुस्तक घरी न्यायच्या. एक मुलगी ते अकाउंटच्या वहीत लपवायची. वाचलेलं पुस्तक पुन्हा उचललं जाऊ नये म्हणून जो तो पंचविसाव्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करायचा. सगळ्यात जास्त दिसायचा तो त्रिकोण, एका रिटायर्ड आजोबांच्या बायकोचा. "हिला लागतात हो, मला कुठला वेळ!" म्हणत ते आठवड्याला दोन न्यायचे. एकदा ते तापाने पडले म्हणून आजीच पुस्तक बदलायला आल्या. मी उत्साहाने म्हटलं, "आजी, हे तुमचं वाचून झालंय, हा बघा तुमचा त्रिकोण." "माझा? अगं, मी फक्त टीव्हीवरच्या मालिका बघते." मी जीभ चावली. आजी त्या त्रिकोणाकडे बघत राहिल्या, मग हसून हळूच म्हणाल्या, "मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस हं. आणि रडवणारं देऊ नकोस. मागे दोन दिवस धड जेवले नाहीत, मी आपली पित्त समजून कोकम पाजत राहिले." माझा नवरा माझ्या कादंबऱ्यांना रडक्या म्हणतो. काल कव्हर घालताना मधल्याच एका पानात त्याची पार्किंगची पावती सापडली. मी ती होती तिथेच ठेवून दिली.