लाल गाडीचा झटका

गाडी घरी आणली तेव्हा बाबा अंगणात पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. छताचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता आणि मागचा बंपर तारेनं बांधलेला होता. फेरी संपल्यावर ते म्हणाले, "हे विकत आणलं का कोनी फुकटात देल्लं?"

"विकत आणलं, बाबा."

"काहून?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण चाळिशीतल्या शाळेच्या बाईनं बापाला सांगावं असं ते नव्हतं. आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा कॉलनीतल्या एका साहेबांकडे अगदी याच मॉडेलची गाडी होती. मी सायकलवर कॉलेजला निघाले की ती मागून यायची. आधी आवाज यायचा आणि मग गाडी दिसायची, आणि दिसेपर्यंत ती पुढे गेलेलीही असायची. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं ते, त्या काळात शर्यतीच्या नादातली पोरं असल्या गाड्या शोधत फिरायची. पुढे नोकरी लागली, वर्षं गेली, तशी गाडी रस्त्यावर दिसेनाशी झाली. आणि मग नागपूरला एका डॉक्टरांच्या शेडमध्ये तसलीच एक कव्हरखाली उभी दिसली. मी फार काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

बाबा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते, दुरुस्ती विभागात. चौतीस वर्षं लेथ मशीनवर उभे राहिले. रिटायर झाल्यावर आम्ही भंडाऱ्यात घर बांधलं, आणि त्या घरात बाबांना करायला काहीच उरलं नाही. एकच पेपर ते सकाळी आणि दुपारी असा दोनदा वाचायचे. नळाची गळकी तोटी मिळाली तर तिच्यात दोन दिवस काढायचे. गाडीला मात्र त्यांनी पंधरा दिवस हात लावला नाही. मी एकटीच बोनेट उघडून इंटरनेटवर बघून काहीबाही करत असे आणि ते पेपरच्या वरून बघत असत.

सोळाव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. मी दहाच्या नटाला अकराचा पाना लावला होता.

"नट गोल करून टाकशील. सरक."

त्या दिवसापासून गाडी दोघांची झाली.

गिअरचा दांडा इतका ढिला होता की तिसरा गिअर कुठे आहे हे अंदाजानं शोधावं लागे. त्यातला बुश, म्हणजे दांडा घट्ट धरणारी छोटी नळी, झिजला होता, आणि तो नवा कुठे मिळेना. बाबांनी जुना काढून व्हर्निअरनं मोजला, ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले, मशीन तासाभरासाठी मागून घेतली आणि पितळेचा बुश कातून आणला. तो बसवल्यावर मी त्यांना शेजारी बसवून बायपासपर्यंत नेलं. तिसरा गिअर टक्कन पडला. त्यांनी मला परत दुसऱ्यावर आणायला सांगितलं, पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. असं चार वेळा झाल्यावर ते म्हणाले, "कारखान्यात मी जे बनवलं थे दुसऱ्या बिल्डिंगमंदी जात जाय. तिथचा पास मले नव्हता. पार्ट बरोबर बसला का नाई, कधी पायलंच नाही."

मी पुन्हा एकदा तिसरा टाकला.

आमचं भांडण झालं ते एअर फिल्टरवरून. मूळ फिल्टरचा काळा डबा काढून मी उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला. आवाज असा झाला की शेजारचे काका गेटवर येऊन उभे राहिले. मी खूश होते. बाबा म्हणाले, "आवाज वाढला, गाडी नाई वाढली."

"तुम्हाला जुनंच सगळं आवडते."

ते भांडले नाहीत. मला वीस किलोमीटर गाडी चालवायला लावली, घरी आल्याबरोबर बोनेट उघडलं आणि म्हणाले, "लाव हात फिल्टरले." मी लावला आणि लगेच काढला. "हे इंजिनाची गरम हवा पिऊन रायलं. तू मे महिन्यात दुपारी धावून पाय, किती दम निघते तर." मग त्यांनीच गच्चीवरच्या जुन्या कूलरचा पत्रा कापला, फिल्टरभोवती आडोसा केला आणि समोरच्या जाळीपासून थंड हवेचा पाइप आणून त्यात सोडला. मोडलेला कूलर फेकायचा नाही म्हणून आई-बाबांची तीन वर्षं कुरबुर चालली होती. ती त्या दिवशी मिटली. गाडीचा पिकअप खरंच वाढला, आणि आवाजही माझ्या वाट्याला राहिला.

एक दुखणं मात्र काही केल्या हटेना. तासभर चालून गाडी तापली की भर वेगात ती अचानक एक क्षण मरायची. झटका बसायचा, सगळं गप्प, आणि दुसऱ्या क्षणी काही झालंच नाही अशी पुन्हा धावायची. आम्ही स्पार्क प्लग बदलले. मग कॉइल, मग पेट्रोलचा फिल्टर, मग पेट्रोलचा पंपसुद्धा. मी एकदम तीन गोष्टी बदलायला निघाले की बाबा पाना काढून घ्यायचे. "एका वेळी एकच. नाई तर कशानं बरं झालं थे समजत नाही." भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं एक सेन्सर बदलून पाहिला. त्याच्यासमोर गाडी कधी झटका द्यायचीच नाही. चार महिने गेले. बाबा जेवताना मधेच घास हातात धरून विचार करत बसू लागले.

तेवढ्यात आईला नाकाडोंगरीला भावाकडे जायचं निघालं. बाबांनी बस सुचवली.

"बसनं मी चाळीस वर्ष गेली," आई म्हणाली. "घरी गाडी आहे का शोभेची आहे?"

गुडघ्यामुळे आई पुढे बसली आणि बाबा मागे. तुमसरपर्यंत गाडी झकास चालली. तुमसर सोडल्यावर खाणींच्या ट्रकांनी फोडलेला रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी जंगल. एका खड्ड्यावर झटका बसला. मागून बाबांचा उसासा ऐकू आला. पुढे रेल्वेचे रूळ ओलांडताना पुन्हा बसला.

"घ्या, पुन्हा एक वाजला," आई म्हणाली.

"काय वाजला?"

"घड्याळात. मघा गाडी हचकली तवाबी एकच वाजला होता. तुमी दोघं चार महिने झाले खटपट करून रायले, पन येवढं घड्याळ नाई दुरुस्त होत तुमच्यानं?"

मी गाडी बाजूला घेतली. डॅशबोर्डवरच्या हिरव्या आकड्यांत एक वाजून शून्य मिनिटं झाली होती. खरं तर सकाळचे साडेदहा वाजले होते. हे घड्याळ नेहमीच चुकीचं असे. जुनं आहे म्हणून मी येता-जाता ते लावायचे आणि विसरून जायचे.

बाबा पुढे वाकले. "इंजिनाचा आन् घड्याळाचा काय संबंध?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "घड्याळाला पेट्रोल लागत नाही. फक्त बॅटरी लागते."

चार महिने आम्ही इंजिनाला पेट्रोल पोचतं का ते पाहत होतो, आणि इथे त्या एका क्षणात अख्ख्या गाडीचीच वीज जात होती, म्हणून घड्याळ दर वेळी पुन्हा एकपासून सुरू होत होतं.

मामाच्या अंगणात पोचल्यावर चहाआधी बोनेट उघडलं. मामी कप घेऊन उभीच राहिली. बॅटरीची टोकं आम्ही कितीदा तरी काढून लावली होती, ती घट्टच होती. तिथून जाड वायर मुख्य फ्यूजच्या डब्यात जात होती. बाबांनी आईला आत बसवून घड्याळाकडे बघायला सांगितलं, आणि मी लाकडी काडीनं एकेक वायर हलवू लागले.

"आहे," आई आतून सांगत होती. "आहे. आहे. गेलं. आलं. गेलं."

काडी मुख्य फ्यूजच्या बोल्टवर होती. काळं झाकण काढलं तर बोल्ट ढिला, आणि खालचं वायरचं टोक जळून काळं पडलेलं. त्याच बोल्टखाली आणखी एका जाड वायरचा कापलेला तुकडा दबला होता. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी मोठे स्पीकर बसवले असणार, नंतर काढताना वायर कापली आणि बोल्ट नीट आवळलाच नाही. गाडी तापली, हिसका बसला, की तिथला जोड सुटायचा.

मामाकडे शेतातल्या मोटारपंपाच्या स्टार्टरचं सामान डब्यात होतं. त्यातलं वायरला लावायचं एक नवं टोक बाबांना बरोबर मापाचं सापडलं. जळलेला भाग कापला, काचपेपरनं तांबं चमकवलं, टोक दाबून बसवलं. मग बाबांनी पाना माझ्या हातात दिला. दहाचाच होता. मी बोल्ट आवळला आणि त्यांनी वायर ओढून पाहिली.

जेवताना आई भावजयीला सांगत होती, "यायनं पंप बदलला, प्लग बदलले, मिस्त्री केला. मले कोनी विचारलंच नाही." बाबा खाली मान घालून भात कालवत होते, पण हसत होते.

परतताना त्यांनी किल्ली मागितली. त्यांनी गाडी याआधी फक्त अंगणातून गल्लीत काढली होती. मी मागे बसले. जंगलाचा तुटका रस्ता त्यांनी तीसच्या वर जाऊ न देता पार केला, रूळ ओलांडले, आणि तिघांनीही घड्याळाकडे पाहिलं. निघताना मी ते बरोबर लावलं होतं, आणि ते तीन वाजून सात मिनिटं दाखवत होतं. तुमसरच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा झाला. दोन्ही बाजूंना धानाची शेतं होती. बाबांनी आरसा पाहिला, दुसरा गिअर ताणला, तिसरा टाकला आणि इंजिनानं जवाहरनगरच्या रस्त्यावरचा तो चढता सूर धरला. पाठ सीटला टेकली. आई दाराची मूठ धरून बसली होती.

"हळू घेऊ का?" बाबांनी विचारलं.

"मी काही म्हटलं का?" आई म्हणाली.

भंडारा येईपर्यंत ते दोघं धान कसं आहे, कोणाच्या पोरीचं लग्न कुठे ठरलं, असलं काहीबाही बोलत राहिले. मला मधे बोलायला जागाच नव्हती.

त्यानंतर गाडीनं तसा झटका दिलेला नाही. मला आता सायलेन्सर बदलायचा आहे आणि बाबांचं म्हणणं, आधी ब्रेक. एवढ्यात आईनं आपली एक मागणी पुढे केली आहे. गाडीचा एसी पहिल्या दिवसापासून बंद आहे, आणि उन्हाळ्यात तिला सानगडीला बहिणीकडे जायचं आहे. बाबा काल कॉम्प्रेसरचं माप घेऊन लेथवाल्याकडे गेले.