दाजींचा फोन आणि माझा स्कोअर

मला नोकरी लागली त्याच वर्षी अधिक महिना आला आणि बहिणीच्या नवऱ्याने धोंड्याच्या जेवणाला मोबाइल मागितला. घरात पगाराची स्लिप एकट्या माझ्याकडे, म्हणून मोबाइल माझ्या नावावर हप्त्यांनी घेतला. दाजी मोठ्या मनाने म्हणाले, "हप्ते मी भरीन." दोन भरले. तिसऱ्याची आठवण करून द्यायला निघालो, तर वडील माझ्यावरच कडाडले, "जावयाला पैसे मागतो काहून? लाज हाय का न्हाई?"

वर्षभराने मोटारसायकलच्या कर्जासाठी औंढ्याच्या बँकेत गेलो. साहेबांनी माझा क्रेडिट स्कोअर पाहिला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नागनाथाच्या दारातून चपला पळवल्या होत्या. थकलेले सगळे हप्ते दंडासकट मीच भरले. तरी पाच-सहा महिने स्कोअर जागचा हलेना. साहेब म्हणाले, "एखादं छोटं कर्ज घ्या आणि वेळेवर फेडून दाखवा." म्हणजे शहाणा ठरायला पुन्हा कर्जच! गरज नसताना मिक्सर हप्त्यांवर घेतला. आईने त्यात एकदाही चटणी वाटली नाही, पण वर्षभर माझी हप्त्याची एकही तारीख चुकली नाही.

शेवटी स्कोअर सुधारला. आईने कौतुकाने बहिणीला कळवलं. संध्याकाळी दाजींनी त्याच मोबाइलवरून मला फोन केला.

"अभिनंदन! बराबर टायमाला सुधारला बघा. पुढच्या महिन्यात धोंड्याला आमी येऊन राहिलो."