सम्राट मॅन्युएल आणि आमचा एल्थमचा रविवार

लंडनमधल्या पिनरहून निघताना दादा म्हणाला, तासाभरात पोचू. माझा हा थोरला भाऊ कित्येक वर्षं इथल्या हॉस्पिटलांत डॉक्टर आहे, आणि रस्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. एकोणनव्वदच्या डिसेंबरातला रविवार होता. गुडघा दुखतोय म्हणून वहिनी घरीच राहिली, पण बटाट्याची भाजी भरलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या आणि थर्मासभर चहा तिने बरोबर दिला. मागे बसली होती अनुजा, दादाची मुलगी. जन्म इथलाच, नोकरी ब्रॅकनेलच्या कॉम्प्युटर कंपनीत. मी साताऱ्याला जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून आत्याला एल्थमचा राजवाडा दाखवायचाच, हा हट्ट तिचा.

थेम्स ओलांडल्यावर एकाच चर्चला आमच्या तीन प्रदक्षिणा झाल्या. शेवटी अनुजाने काच खाली करून कुत्रा फिरवणाऱ्या एका आजीबाईंना विचारलं. त्यांनी रस्ता सांगितला आणि जाताना मला 'लव्ह' म्हणाल्या. इथे हा शब्द आपल्या 'बाळा'सारखा वापरतात. या वयात मला तो फार आवडला.

वाटेत ब्लॅकहीथचं उघडं माळरान लागलं. तिथे अनुजाने सांगायला सुरुवात केली. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट मॅन्युएल दुसरा. तरुणपणी तुर्की सुलतानाकडे जवळजवळ ओलीस. आपल्याच माणसांच्या शहरावर चालून जाणाऱ्या सुलतानाच्या फौजेत त्याला सामील व्हावं लागलं. वडील वारल्याचं कळताच तो निसटला आणि कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) गादीवर बसला. पुढे सुलतानाने त्या शहरालाच वेढा घातला. तेव्हा सम्राट स्वतः मदत मागायला निघाला: व्हेनिस, पॅरिस आणि शेवटी समुद्र ओलांडून इंग्लंड. याच माळावर इंग्लंडचा राजा त्याला सामोरा आला आणि नाताळासाठी एल्थमला घेऊन गेला. पांढरे पायघोळ झगे घातलेली ती दाढीवाली मंडळी बघून इथले लोक थक्क झाले होते.

खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही आत गेलो. बाकीची इमारत लष्कराकडे, बघायला खुला होता तो फक्त मोठा दिवाणखाना. हा त्या नाताळानंतरच्या काळात बांधलेला, अनुजाने आधीच बजावलं होतं. तरी वर ओकच्या तुळयांचं ते प्रचंड छत पाहून मान दुखेपर्यंत उभी राहिले.

बाहेर गाडीत बसून चहा ओतला. दादाने विचारलं, मग मिळाली का मदत?

"मान खूप मिळाली," अनुजा म्हणाली.

"मिळाला."

"मिळाला. सैन्य नाही मिळालं." तिने थर्मासचं झाकण लावलं. "बाबा, मी माझा नोकरी सोडते आहे."

"माझी नोकरी," दादाने सवयीने दुरुस्त केलं, आणि मग त्याचा कप हातातच राहिला.

युनिव्हर्सिटीत हाच इतिहास शिकायला तिला प्रवेश मिळाला होता. तिने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाच्या बाजूने बरंच बोलले. दादा एवढंच म्हणाला, "कॉम्प्युटर सोडून मेलेले राजे?" परतीच्या वाटेवर दादाने रेडिओ लावला. मला फार वाईट वाटत होतं.

रात्री जेवताना वहिनीने सगळं ऐकून घेतलं. आमटी वाढत ती शांतपणे म्हणाली, "अहो, मामंजींनी साताऱ्याला तुमच्या दवाखान्याची पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. तुम्ही इंग्लंडची बोट पकडलीत, तेव्हा अडवलं का त्यांनी?"

दादाने आमटीत भात कालवला. मग हळूच हसला. अनुजाकडे वळून म्हणाला, "त्या मॅन्युएलचं पुढे काय झालं?"

तिने भराभरा सांगितलं: तो परदेशातच असताना पूर्वेकडून तैमूरलंग आला आणि त्याने सुलतानाचा पराभव केला. वेढा उठला. मॅन्युएल घरी परतला, पुढे बरीच वर्षं राज्य केलं आणि शेवटी संन्याशाची वस्त्रं घेतली. दादाने आणखी भात मागितला आणि युनिव्हर्सिटी कुठल्या गावात आहे ते विचारलं.

जानेवारीत मी परत निघाले. विमानातून इस्तंबूल दिसेल म्हणून खिडकीला नाक लावून बसले, पण खाली नुसते ढग. मॅन्युएल मोठमोठ्या राजांच्या दारी गेला, आणि सोडवलं त्याला अशा माणसाने, ज्याच्या दारी तो गेलाच नव्हता. अनुजाही मदतीसाठी माझ्याकडे आली होती. फरक इतकाच, की तैमूरलंगाला लढाई करावी लागली आणि वहिनीने हातातली आमटीची वाटीसुद्धा खाली ठेवली नाही.