म्हैस, कुत्रा आणि मामींची नाडी

गाई-म्हशींची नाडी शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगाला लागते. पुस्तकात हे वाक्य अगदी निरुपद्रवी दिसतं.

मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. धोंड्याच्या जेवणाला तिसगावला सासरी गेलो होतो. (अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू! बाकीच्या महिन्यांत कुणी चहासुद्धा विचारत नाही.) अंगात आहेराचा पांढराशुभ्र सदरा. सासरे, म्हणजे मामा, शेजाऱ्यांना सांगत होते, "आमचं पाव्हणं जनावराची शीर न् शीर वळखत्यात!"

विष्णूला राहवेना. "घोड्याची धमनी जबड्याखाली सापडते, म्हशीची शेपटीखाली, कुत्र्याची मांडीच्या आत," मी ठोकून दिलं.

"दावा की मग!" शेजारी म्हणाले.

मी गोठ्यातल्या म्हशीची शेपटी उचलली. शेपटी उचलल्यावर म्हैस जे करते, ते तिनं केलं. सदरा हिरवा झाला.

"घावली का नाडी?"

"घावली!" म्हणत मी अब्रू वाचवायला बाजूला बसलेल्या कुत्र्याच्या मांडीत हात घातला. कुत्र्याला शरीररचनाशास्त्र मान्य नव्हतं! त्यानं मला गोठ्याभोवती इतकं पळवलं, की शेवटी मी कडब्याच्या गंजीवर चढलो.

कसाबसा उतरलो, तर सासूबाई, म्हणजे मामी, पाणी घेऊन उभ्या. "बसा, जावईबापू. न् माजी बी नाडी बगा की. सकाळपास्नं चुलीपुढं हाय, डोकं गरगरतंय."

माणूस! सगळ्यात सोपा प्राणी! धापा टाकत मी मामींच्या मनगटावर अंगठा दाबला, घड्याळ लावून ठोके मोजले. एकशे साठ!

"मामा, टेम्पो काढा!"

कांद्याच्या टेम्पोत मामी आडव्या झाल्या. "अहो, आईला काय झालंय?" बायको रडू लागली. मी अंगठा सोडला नाही. प्रत्येक खड्ड्याला नाडी आणखी पळायची. बाई हातची जाते, या भीतीनं मला दरदरून घाम फुटला. मामी तर निरवानिरव करू लागल्या, "माज्या पाटल्या लेकीला द्या. सुनंला नगं." (सून शेजारीच बसून त्यांचे पाय चोळत होती!)

दवाखान्यात डॉक्टरांनी मामींना तपासलं. "ठणठणीत आहेत. तुम्ही नाडी अंगठ्यानं मोजलीत?"

"हो."

"अंगठ्यातही धमनी असते. तुम्ही स्वतःचीच मोजलीत. काय करता आपण?"

"प्राणीशास्त्र शिकवतो."

"बरं आहे. प्राणी तक्रार करत नाहीत."

तेवढ्यात मलाच भोवळ आली. मामींसाठी तयार ठेवलेल्या खाटेवर मला झोपवून सलाईन लावलं. घरून मागवलेले धोंडे मामींनी तिथंच भरवले.

सून माझ्याशी अजून बोलत नाही. मामी मात्र गावभर सांगतात, "जावयाचा माज्यावर लई जीव! माजी नाडी बिगाडली, तर सोताची लावली!"

मी खुलासा केलेला नाही. तिसगावात तेवढीच इज्जत शिल्लक आहे.