गाडी नसल्याचा पुरावा

माझी थोरली बहीण, आमची आक्का, उचगावातल्या एका खानावळीत भाकऱ्या करायची. सकाळी दहाला चुलीपुढं बसली की तीनपर्यंत उठायची नाही. भाकरी थापताना तिला दम लागतोय, असं खानावळीच्या मालकिणीनं मला सांगितलं, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. "वय झालं की आता," म्हणाले. आक्का तेव्हा अठ्ठेचाळीसची होती.

दोन आठवड्यांनी ती माझ्या घराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा खाली बसली. तिला कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची एक झडप आकसलीय, बदलायला लागेल, आणि फार थांबू नका. "सरकारी योजनेत होतंय हे. खाली आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड दाखवा."

टेबलावर एक पंचविशीची पोरगी होती. तिनं कार्ड हातात घेतलं आणि उघडलंसुद्धा नाही.

"पांढरं हाय हे."

"मग?"

"पिवळं आन् केशरी चालतंय. पांढरं योजनेत बसत न्हाय, ताई."

आक्का शेजारच्या बाकावर तोंडानं श्वास घेत होती. मी म्हटलं, "तिच्याकडं बघ की जरा. ती कार्डाच्या रंगानं आजारी पडलीय व्हय?" पोरीनं कार्ड परत दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कार्ड पांढरं का होतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्याचा फॉर्म मीच भरला होता.

आक्का आणि दाजी पूर्वी शिरोळकडं राहायचे. दाजींनी एक जुनी व्हॅन घेतली होती. तिकडची भाजी कोल्हापूरच्या बाजारात आणून विकायचे. कार्डाच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरात चारचाकी आहे का. दाजी म्हणाले, "न्हाय लिही. कोण बघायला येतंय?" मी एसटीत कंडक्टर. दिवसभर लोकांना नियम सांगायची सवय. मी म्हटलं, "खोटं कशाला लिहायचं? आहे तर आहे." आणि ठसठशीत अक्षरात 'आहे' लिहिलं. त्या एका शब्दानं आक्का सरकारच्या लेखी सुखवस्तू झाली.

पुढं पुरात ती व्हॅन तीन दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर भंगारवाल्यानं ती ट्रकमागं बांधून ओढत नेली. भाजीचा धंदा मोडला. दोघं उचगावला माझ्या गल्लीत भाड्याच्या एका खोलीत राहायला आली. दाजी एका कारखान्याच्या गेटवर बसायला लागले आणि आक्का खानावळीत. व्हॅन गेली, पण कार्डाचा रंग काही गेला नाही.

माझं दुखणं माझं एसटीचं खातं बघतं. नवऱ्याचं, मुलांचंही बघतं. कुटुंबाच्या त्या यादीत लग्न झालेली बहीण कुठंच नाही. हे मी वीस वर्षं वाचत आले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सरकारी दवाखान्यात नंबर लावला. तो कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. खासगीत पैसे भरून करायचं तर माझं घर विकूनही भागलं नसतं. राहिला एकच रस्ता, कार्डाचा रंग बदलून घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी दाजींना घेऊन मी कार्डाच्या कचेरीत गेले. कारकुनानं संगणकावर नाव बघितलं.

"तुमच्या नावावर चारचाकी दिसती की."

दाजी म्हणाले, "न्हाय ओ साहेब आता. पुरात गेली."

"गेली म्हंजे? नोंद हाय अजून."

"भंगारात दिली."

"मग आरटीओचा दाखला आणा. गाडी नसल्याचा पुरावा पायजे."

मी म्हटलं, "अहो, नसलेल्या गाडीचा पुरावा कुठनं आणायचा? घरी या, अंगण बघा. गाडी दिसली तर मला इथनं हाकला."

"मॅडम, आमच्या हातात न्हाय ते."

आरटीओत गेलो. तिथं म्हणाले, नोंद काढायची तर भंगारात दिल्याची पावती आणि गाडीच्या चेसिसचा नंबर असलेला तुकडा आणा. नंबर कापून ठेवायचा असतो, असं ते सांगत होते. पुराच्या चिखलात घरातली भांडी शोधणाऱ्या माणसानं गाडीचा पत्रा कापून जपून ठेवायचा असतो! भंगारवाला कोण होता, कुठला होता, दाजींना ठाऊक नव्हतं. दोन दिवस त्यांनी शिरोळची भंगाराची दुकानं पालथी घातली. संध्याकाळी परत आले की चप्पल न काढता दारातच बसायचे.

असे चार महिने गेले. आक्का अधूनमधून खानावळीत जातच होती. मी ओरडले की म्हणायची, "बसून तरी काय करू? बसल्यावरबी दम लागतोयच की."

आमच्या गल्लीत एक दोनमजली घर आहे. त्या घरातल्या म्हातारीच्या हृदयाचं ऑपरेशन त्याच योजनेत झालं होतं, पिवळ्या कार्डावर. मी एकदा आक्कापुढं तिच्या नावानं बोटं मोडली. आक्का म्हणाली, "ती जगली ते वाईट झालं का? मला मिळालं न्हाय म्हणून तिच्यावर कशाला चिडतीस? ज्यानी आमच्यात रंग पाडले त्याच्यावर चीड की."  माझा राग गेला नाही, फक्त त्याला जायची दिशा मिळाली.

पाचव्या महिन्यात, कोडोलीहून परत येताना बसमध्येच मला मालकिणीचा फोन आला. आक्काच्या हातातून भाकरी खाली पडली होती. उचलायला गेली तर हातच उचलेना. तोंड वाकडं झालं होतं आणि काय बोलते ते कळत नव्हतं. मी ड्रायव्हरला सांगितलं, पण भरल्या बसमधून मी उतरून जाणार कशी? स्टँड येईपर्यंत तिकिटं देत राहिले. एका बाईला चुकीचं तिकीट दिलं. ती भांडली. मी तिचं ऐकून घेतलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की आकसलेल्या झडपेमुळं हृदयात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. मी विचारलं, "झडप आधी बदलली असती तर?"  डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी नुसतं खाली बघितलं.

आक्का घरी आली. उजवा हात गेला होता, बोलणं निम्मं गेलं होतं. त्याच्या दीड-दोन महिन्यांनी बातमी आली, योजना आता सगळ्या कार्डांना लागू, पांढऱ्यालाही. पेपर मला बसमधल्या एका पावण्यानं दाखवला. लोकांना वाटेल मला आनंद झाला. मला संताप आला. म्हणजे होत होतं तर! एका कागदावर सही केली की होत होतं. मग आम्ही भंगाराच्या दुकानांत काय शोधत होतो?

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन त्याच टेबलापुढं उभी राहिले. तीच पोरगी.

"आमच्याकडं आदेश आलेला न्हाय अजून."

मग मात्र माझा आवाज सुटला. स्टँडवर कमावलेला आवाज आहे तो. ती बातमी मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिथं उभी राहून मोठ्यानं वाचली. रांगेतली माणसं जवळ आली. रखवालदार आला, म्हणाला, "बाई, बाहेर चला." मी म्हटलं, "हात लावून बघ."

पोरगी उठली आणि मला भिंतीकडं घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. "ताई, माझ्यावर ओरडून काय हुणार? माझ्या घरातबी पांढरंच कार्ड हाय. माझ्या वडलांचा कागद मीच ह्या हातानं परत केलाय. संगणकात सोय आली की पयला फोन तुम्हाला करतो."

तिच्यावर ओरडल्याची मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा परत राग आला. वर बसून रंग ठरवणारा माणूस मला कधी दिसणारच नव्हता. टेबलावर माझ्यापुढं कायम ही पोरगीच बसणार होती.

तिनं फोन केला, पण त्याला बरेच महिने लागले. तोवर आक्का रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर राहिली. मग झडप बदलली. ऑपरेशन छान झालं. आता तिला दम लागत नाही, चार पायऱ्या एका दमात चढते. घरी पातेलं डाव्या हातानं धुते. जीभ जड आहे, पण शिव्या स्पष्ट देते. भाकरीला बसत नाही. खानावळीत दुसरी बाई आलीय.

परवा पन्हाळ्याच्या गाडीत दोन शिकलेली माणसं बोलत होती. एक म्हणाला, "सरसकट सगळ्यांना फुकट दवाखाना म्हणजे अतीच झालं. गरज कुणाला हाय, बघून द्यायला नको?"

मी तिकिटाचं मशीन बंद केलं. "कोण बघणार, पावणं? तुम्ही? कार्डाचा रंग बघून? माझी बहीण तसंच बघत बघत लुळी पडली. बघणाऱ्याचं काय गेलं?"

"तुम्ही तुमचं काम करा बाई."

"करतेय की. खाली उतरा, मग पुढचं करते."

ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं.  माणूस अर्थातच उतरला नाही, मीही त्याला उतरवलं नाही. पण डेपोत माझ्यावर तक्रार गेली. प्रवाशाशी उद्धट बोलल्याबद्दल खुलासा द्या, म्हणाले. मी दोन पानं लिहून दिली. साहेबांनी वाचून विचारलं, "यात माफी कुठं आहे?"

"नाही लिहिली," मी म्हणाले, आणि दुपारच्या गाडीवर गेले.