टमरेलवाली

आमची धाकटी जाऊ कुणाच्या घरी गेली की आधी मागचं दार कुठं आहे ते बघायची, मग माणसं. लग्नात मांडवाच्या अगदी कडेला बसायची. ऊसतोडीला निघताना ट्रकमध्ये सगळ्या बाया केबिनच्या आडोशाला धावायच्या, ही मागच्या फाळक्याला चिकटून उभी. टोळीत तिला टमरेलवाली म्हणायचे. ते नाव पहिल्यांदा मीच ठेवलं. खोटं कशाला बोलू.

तिला एका जागी बसणं माहीतच नव्हतं. सकाळी उसाच्या फडात शिरायच्या आधी तीन-तीनदा टमरेल घेऊन परसाकडला पळायची. आठवडाभर असं चालायचं, मग चार दिवस काहीच नाही. पोट फुगून टम्म. लुगड्याची गाठ सैल करून बसायची, पुन्हा उठायची, राहायच्या कोपीभोवती फेऱ्या मारायची. मोळी बांधता बांधता कोयता टाकून उसात शिरायची.

"कावून गं, परत?" मी ओरडायचे.

"आक्का, कळ आली."

आणि थोड्या वेळानं अशी मोकळी होऊन यायची, की माझ्या दोन मोळ्या पुढं निघून जायची. कामाला ती माझ्याहून तेज होती. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

मुकादमाची फटफटी वाजली की तिचं पोट हटकून बिघडायचं. "मुकादम बोलायच्या आधी माझं पोट बोलतंय," ती म्हणायची. बाया हसायच्या. तीही हसायची, पण हसता हसता टमरेल शोधायची.

आमच्याकडं बाईनं पोट धरलं की सगळ्यांचा एकच सल्ला असायचा: पिशवी काढून टाक. पाळीची कटकट नाही, कामाला खाडा नाही. मी तिशीच्या आत काढली होती. म्हणून तिलाही मी तेच सांगितलं. तोड संपवून गावी आल्यावर मीच तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, सोमवारी काढू. दिरानं मान डोलावली. तिला एकच पोरगी होती. अजून एक लेकरू हवं होतं, पण ते तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रविवारी ती चुलीपुढून सारखी उठत होती.

"आक्का, एक सांगा. पिशवी दुखत असती, तर परसाकडला जाऊन आल्यावर दुखायची थांबली असती का?"

"मला काय माहीत? मी डॉक्टर हाय का?"

"आन मुकादम दिसला की ती कशी दुखंल? पिशवीला काय डोळे हायेत? पाळी येवो न येवो, कळ आपली येतीच. मी बोटावर मोजलंय."

"लई शानी झालीस."

"शानी न्हाई. पण पिशवी माझी हाय."

सोमवारी ती त्या दवाखान्यात गेलीच नाही. बीडच्या सरकारी दवाखान्याला निघाली. दिरानं राखण म्हणून मला पाठवलं. एसटीत ती दाराजवळ बसली आणि वाटेत दोनदा गाडी थांबवून उतरली. कंडक्टर वैतागला. "मावशी, गाडी तुमची हाय का सरकारची?"

"पोट माझं हाय, गाडी तुमची," ही म्हणाली.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं आधी मशीन नाही लावलं, आधी विचारलं. किती दिवसांचं दुखणं? जाऊन आल्यावर बरं वाटतं का? कधी पातळ, कधी खडा? पोट फुगतं? काळजी वाटली की वाढतं? मग दुसरं विचारलं. रक्त पडतं का? वजन उतरलंय? ताप येतो? कळ झोपेतून उठवते का? पहिल्या प्रश्नांना जावेनं हो म्हटलं, दुसऱ्यांना नाही. रक्त तपासलं, शौच तपासलं, सोनोग्राफी केली. मग डॉक्टरीण म्हणाली, "पिशवी चांगली आहे. तुमची आतडी चिडकी आहेत. हा आजार कमी-जास्त होत राहील, पण जिवाला धोका नाही. पिशवीचा याच्याशी संबंध नाही."

डॉक्टरीण विचारत होती तेव्हा मनातल्या मनात उत्तरं मीही देत होते. हो, हो, हो. माझी पिशवी जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती आणि कळ तशीच होती. टमरेल मी पदराखाली लपवून न्यायचे, एवढाच आमच्यात फरक. दुसरीला नाव ठेवलं की आपल्याकडं कुणी बघत नाही.



तिला पुढं मुलगा झाला. पोटाची कुरकुर राहिलीच, पण गोळ्या, वेळेवर भाकरी आणि चहा कमी केल्यावर निभायचं. मागच्या वर्षी ती मुलाकडं चाकणला राहायला गेली. निघायच्या दिवशीही तिनं एसटीत दाराजवळचीच जागा धरली. मग गाठोड्यातून टमरेल काढून खिडकीतून माझ्या हातात दिलं.

"ठेवा आक्का. तिथं घरातच सोय हाय. आन आता पदराखाली नेऊ नका, हात अवघडतो तुमचा."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या सालापासून," ती म्हणाली.

गाडी हलली. सगळ्या स्टँडासमोर मी ते हातात धरून उभी होते. मग तसंच, उघडं, घरी घेऊन आले.